खासदारकीच्या प्रचारात कांदा आधी की पक्षाचा जाहीरनामा? (दिंडोरी २०२४)

चांदवडकर
लोकसभेच्या उमेदवाराने गटारी आणि सभामंडपांवर मत मागू नये, आणि नुसत्या ‘देशाच्या भवितव्या’वरही मागू नये. मतदारसंघातला जो प्रश्न थेट दिल्लीच्या हातात आहे तो हुडकावा आणि प्रचार त्याच्याभोवती बांधावा. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत तो प्रश्न कांद्याच्या निर्यातीचा होता.

क्रम पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून स्वस्त माल बाहेर पाठवायचा नाही. ८ डिसेंबरला थेट बंदी, ती ३१ मार्चपर्यंत आणि मग मुदतवाढ. बंदी आली तेव्हा बाजारात लाल कांदा होता. तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत साठवता येत नाही, महिना-दीड महिन्यात काढावाच लागतो. म्हणून फटका तिथे सगळ्यात जास्त बसला. ४ मे २०२४ ला बंदी उठली खरी, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क, म्हणजे टन ७७० डॉलरला. तेव्हाच्या दराने किलोला साधारण ६४ रुपये, वाहतूक वेगळी. या भावाने परदेशी गिऱ्हाईक टिकवणे अवघड होते. मतदान २० मे रोजी होते.

मतदारसंघातले सहाही आमदार महायुतीचे, समोर केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार, तरी राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे भास्कर भगरे १,१३,१९९ मतांनी निवडून आले. २०१९ मध्ये हीच जागा भाजपने सुमारे दोन लाखांनी जिंकली होती. प्रश्न नेमका निवडल्यावर काय होते ते यात दिसते.

गिरणाकाठ
मला हे पटत नाही. निकालाचे सगळे श्रेय एका पिकाला देऊन टाकलेत. त्याच मतदारसंघात सहा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड, दिंडोरी या सहाही जागा महायुतीने जिंकल्या. शेतकरी तेच, पीकही तेच.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. अधिसूचना काढणे एकट्या खासदाराच्या हातात नसते. निर्यातबंदी परकीय व्यापार महासंचालनालय ठरवते, शुल्क अर्थ मंत्रालय, राखीव साठ्याची खरेदी ग्राहक व्यवहार विभाग नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत करतो. तीन वेगळी खाती. त्यात ग्राहक व्यवहार खात्याचे काम शहरातला भाव आवरण्याचे, म्हणजे शेतकऱ्याच्या नेमके उलट. अशा वेळी ‘मी बंदी उठवीन’ म्हणणाऱ्या उमेदवारापेक्षा पक्षाचा जाहीरनामा महत्त्वाचा, कारण सरकार पक्षाचे बनते.

चांदवडकर
विधानसभेचा दाखला अर्धाच दिलात. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान निर्यात मूल्य काढले गेले आणि शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आले. शिवाय विधानसभेला लोक राज्याचे पाहतात, लाडक्या बहिणीचे दीड हजार तेव्हा खात्यात येत होते. मतदार दोन निवडणुकांत दोन वेगळे हिशेब मांडतो. माझे म्हणणे नेमके तेच आहे.

आणि खासदाराच्या हातात काहीच नसते असे नाही. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात, नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. एकच प्रश्न तिन्ही खात्यांना वेगवेगळा विचारला की जबाबदारी एकमेकांवर ढकलता येत नाही. अधिवेशनात मी काय विचारणार, हे उमेदवाराने प्रचारातच सांगावे.

सुरगाणा घाट
दोघेही निफाड-चांदवडच्या पट्ट्यातून बोलत आहात. जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे हे कोणी लिहिलेच नाही! सुरगाणा, पेठ, कळवणचा पश्चिम भाग इथे प्रश्न वनहक्काच्या पट्ट्यांचा, म्हणजे कसत असलेली वनजमीन नावावर होण्याचा आहे. २००६ च्या कायद्यात कमाल मर्यादा ४ हेक्टर, पण कसणूक जेवढी, मंजुरी त्याहून कमी, ही इथली नेहमीची तक्रार. कायदा केंद्राचा, दावे मंजूर करणारी समिती जिल्ह्याची. म्हणजे ‘दिल्लीच्या हातात काय’ ही चांदवडकरांची कसोटी इथे अर्धीच लागते. तेवढ्याने हा प्रश्न प्रचारातून वगळायचा का? माकपच्या जे. पी. गावितांनी या लढतीतून माघार घेतली, तिचे वजन या पट्ट्यात कांद्यापेक्षा जास्त होते असे माझे ठाम मत आहे.

मतमोजणी टेबल
धोरणाची चर्चा चालू द्या, पण मत बटणावर पडते. याच निवडणुकीत बाबू भगरे या अपक्षाला तुतारी चिन्ह मिळाले आणि एक लाखाहून अधिक मते पडली. भास्कर भगरेंच्या पक्षाचे चिन्ह होते तुतारी वाजवणारा माणूस. आडनाव सारखे, चिन्ह सारखे. लढत अटीतटीची असती तर कांदा, वनहक्क सगळे वाहून गेले असते.

यावर उपाय जाहीरनाम्यात नसतो. माघारीची मुदत संपली की यादीतला अनुक्रमांक कळतो. त्या दिवसापासून पत्रक, रिक्षा, मतदार चिठ्ठी सगळीकडे आधी अनुक्रमांक, मग फोटो, मग चिन्ह. मतदार शिकवायला मतदान यंत्राचा नमुना वापरता येतो, पण खऱ्याच्या निम्म्या आकाराचा, लाकडी, प्लास्टिकचा किंवा प्लायचा, रंग तपकिरी, पिवळा किंवा करडा. त्यावर दुसऱ्या उमेदवाराचे नाव-चिन्ह चालत नाही. चूक इथेच होते: कार्यकर्ते घोषणा देतात ‘तुतारी, तुतारी’. घोषणेत ‘माणूस’ यायलाच हवा. मत कोणाला गेले ते दाखवणारी छापील चिठ्ठी शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्रात ७ सेकंद दिसते, ती वाचून बघा हेही सांगायचे असते.

खर्चाचेही गणित मांडा. मर्यादा ९५ लाख, मतदार साधारण साडेअठरा लाख. माणशी पाच रुपये. मोठ्या नेत्याच्या सभेत उमेदवार व्यासपीठावर बसला की सभेचा खर्च त्याच्या खात्यात जातो, नेत्याचा प्रवास तेवढा वगळून. दोन मोठ्या सभा कमी करून तो पैसा नमुना यंत्रे आणि वस्तीवरच्या बैठकांना द्यावा.

गिरणाकाठ
घोषणेचा मुद्दा मान्य, वनहक्काचाही. कांद्यावर मात्र माझा आक्षेप कायम आहे. भगरेंच्या आघाडीतल्या काँग्रेसच्या न्यायपत्रात, म्हणजे २०२४ च्या जाहीरनाम्यात, हमीभावाला कायद्याचा आधार देण्याचे वचन होते, पण केंद्राच्या हमीभावाच्या यादीत कांदा नाही. मग त्या वचनाचा दिंडोरीला उपयोग काय, हे उमेदवाराला कोणी विचारले? पक्षाचे कलम उमेदवाराने आपल्या पिकावर घासून बघितले पाहिजे.

चांदवडकर
हे विचारायला हवे होते, खरे आहे. मग पुढच्या वेळी प्रत्येक उमेदवाराकडून एवढे लेखी घ्या: शहरात किरकोळ भाव किती रुपयांवर गेल्यावर त्यांचा पक्ष शुल्क लावणार, किती टक्के, आणि लाल कांदा बाजारात असताना बंदी घालणार की नाही. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य आहे. ते पुन्हा केव्हा लागू शकते, याचा आकडा कोणत्याच प्रचारात ऐकू आला नाही.