रॅम तयार होण्याआधी कोड कुठून चालतो

बायोस (संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा कोड) आधी रॅममध्ये कॉपी होतो आणि मग चालू होतो, असं कुणी म्हटलं तर ते अर्धंच बरोबर आहे. कॉपी करणारा कोड तरी कुठून चालणार? पारंपरिक एक्स८६ रचनेत (इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांची रचना) रिसेट सुटतो, म्हणजे प्रोसेसर काम सुरू करतो, तेव्हा डीरॅम (संगणकाची मुख्य रॅम) वापरण्याजोगी नसतेच, ती फर्मवेअरलाच (बायोससारख्या, मदरबोर्डवरच साठवलेल्या कोडलाच) सुरू करावी लागते.

प्रोसेसर पहिली सूचना मेमरी-पत्त्यांच्या ४ जीबीच्या सीमेच्या बरोबर १६ बाइट खालून उचलतो. चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी चिप) तो पत्ता मदरबोर्डवरच्या, फर्मवेअर साठवलेल्या फ्लॅश चिपकडे वळवतो, म्हणजे कोड थेट फ्लॅशमधून जागच्या जागी चालतो. १६ बाइटांत फारसं मावत नाही, म्हणून तिथे बहुधा नुसती एक जंप (दुसऱ्या पत्त्यावर जाण्याची सूचना) असते. या रचनेच्या मूळ ८०८६ प्रोसेसरमध्येही हेच, फक्त सीमा १ एमबीची.

मला सगळ्यात सुंदर वाटतो तो पुढचा भाग. सी भाषेतल्या कोडला स्टॅक (चालताना तात्पुरती माहिती ठेवायची जागा) हवा, आणि स्टॅकला सहज लिहिता येणारी मेमरी हवी. फ्लॅश त्या कामाची नाही. मग प्रोसेसरची कॅशच (त्याच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) तात्पुरती रॅम म्हणून वापरतात! त्या एवढ्याशा जागेच्या आधारावर डीरॅमचं टायमिंग जुळवणारा कोड चालतो.

डीरॅम उभी राहिली की मग सुरुवातीला म्हटलेली ती कॉपी होते. यूईएफआयचा (बायोसच्या जागी आलेल्या नव्या फर्मवेअरचा) उरलेला भाग बहुधा कॉम्प्रेस केलेला असतो, तो रॅममध्ये उलगडून चालवतात. जुन्या बायोसचं शॅडोइंग, म्हणजे स्वतःला रॅममध्ये कॉपी करून तिथून चालणं, याच जातीचं.

एएमडीच्या प्रोसेसरांच्या झेन पिढीपासून मात्र ‘आधी कॉपी, मग चालू’ हे म्हणणं बरंचसं लागू पडतं. तिथे वेगळा सुरक्षा प्रोसेसर आधी डीरॅम सुरू करतो, फर्मवेअर तिच्यात ठेवतो आणि त्यानंतरच मुख्य एक्स८६ कोअर चालू होऊ देतो.