एम.एस्सी.साठी सोलापूरला येत आहे : राहण्यासाठी केगाव, जुळे सोलापूर की आणखी कुठे?

प्रश्न : वाशिष्ठीकाठ

नमस्कार. मी चिपळूणची असून मुंबई विद्यापीठातून भूगर्भशास्त्रात बी.एस्सी. केले आहे. यंदा पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश घेत आहे. अक्कलकोटला जाताना ओलांडलेले शहर एवढीच सोलापूरची माझी ओळख आहे आणि आता तिथे दोन वर्षे काढायची आहेत.

विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळेलच असे धरून चालणे बरे नाही, म्हणून खोलीचा शोध सुरू केला असून सध्या दोन पर्याय समोर आहेत. बाबांच्या कार्यालयातील सहकाऱ्यांची बहीण जुळे सोलापूर भागात राहते. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावरील खोली त्या मला आपुलकीने देऊ करत आहेत, आणि आईच्या दृष्टीने तिथेच विषय संपला आहे. दुसरा पर्याय केगावातच तीन मुलींनी मिळून घेतलेल्या सदनिकेत चौथी म्हणून राहण्याचा आहे. तेथून विद्यापीठ चालत गाठता येते असे सांगतात, परंतु हा भाग महामार्गालगतचा असून अंधार पडल्यावर सामसूम होतो असेही काहींनी कानावर घातले आहे.

दुसरी शंका पाण्याची आहे. आमच्या गावात २०२१ च्या पुरानंतर पाणी घरात शिरू नये याचीच धास्ती असते, तर सोलापूरविषयी ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी पहिले वाक्य ‘तिथे रोज पाणी येत नाही’ हेच उच्चारले. खोली पाहताना याबाबत नेमके काय विचारावे? आणि घरून निघण्यापूर्वी कोणती कागदपत्रे हाती असावीत, हेही कृपया सांगावे.

उत्तर : मुरारजी पेठ

जुळे सोलापूर हा चांगला भाग आहे, रस्ते रुंद आहेत आणि ओळखीचे घर मिळत असेल तर त्याचे मोल कमी लेखू नये. अडचण एवढीच आहे की ते शहराच्या दक्षिणेला विजापूर रस्त्याच्या बाजूस आहे आणि आपले विद्यापीठ वायव्येला, पुणे रस्त्यावर केगावात आहे. म्हणजे रोज सकाळी आपल्याला विजापूर रस्त्याने सात रस्ता, तेथून स्टेशन किंवा बसस्थानकाचा परिसर, पुढे जुना पुणे नाका आणि बाळे असे अख्खे शहर पार करावे लागेल, आणि संध्याकाळी सर्वांची घरी जाण्याची वेळ असताना तोच प्रवास उलट दिशेने करावा लागेल. नकाशावर हे अंतर मोठे दिसत नाही; परंतु स्वतःची दुचाकी नसेल तर एका रिक्षेने पूर्ण होणारा हा प्रवास नव्हे. शहर बससेवेवर विसंबून वेळापत्रक आखावे असे मी कोणालाही सुचवणार नाही.

यावर माझा उपाय मधला आहे. जुना पुणे नाका, अवंतीनगर, मुरारजी पेठ या पट्ट्यात खोली पाहावी. बसस्थानक जवळ पडते, मोहोळ-पंढरपूरकडे जाणाऱ्या गाड्या पुणे रस्त्यानेच जातात, त्यांपैकी कोणत्या साध्या गाड्या केगावला थांबतात हे स्थानकावर एकदा विचारून घेतले की निम्मा प्रश्न सुटतो. महिलांना २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे. विद्यार्थ्यांचा मासिक पास त्याहूनही स्वस्त पडतो का, तेही तिथेच तपासावे. शिवाय रात्री आठ वाजता वही संपली किंवा ताप आला तर दुकान आणि दवाखाना दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर असतात, ही सोय शहराबाहेर राहू लागल्यावर कळते.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. खोली रविवारी दुपारी पाहू नका. कामाच्या दिवशी तासिकेच्या वेळेला त्या खोलीपासून विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापर्यंत एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहा आणि मगच अनामत रक्कम द्या. भाडेकरार लेखी हवा, त्यात अनामत किती दिवसांत परत मिळेल हे लिहिलेले हवे, आणि घरमालक भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्यास कां-कूं करत असेल तर ते घर सोडून द्यावे.

उत्तर : प्रयोगवही

मी याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे आणि पहिल्या दिवसापासून केगावात राहते, त्यामुळे वरील मताशी आदरपूर्वक असहमती नोंदवते.

पदव्युत्तर शिक्षण म्हणजे अकरा ते पाच महाविद्यालय नव्हे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कार्यानुभव आणि दुसऱ्या वर्षी दोन्ही सत्रांत संशोधन प्रकल्प अशी रचना आहे. प्रयोगशाळेतील काम लांबते, मार्गदर्शक शिक्षक अचानक चार वाजता भेटायला बोलावतात, दोन तासिकांच्या मध्ये तीन तास रिकामे मिळतात. अशा वेळी घरी जाऊन भात लावून परत येता येणे याला मी शहरातील कोणत्याही सोयीपेक्षा वरचे स्थान देते. त्यातून सोलापूरचा उन्हाळा लक्षात घ्यावा. मार्चपासून ऊन तापू लागते, एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि सत्राच्या अखेरची धांदल नेमकी त्याच काळात असते. दुपारी एक वाजता पुणे नाक्यावर बसची वाट पाहत उभे राहणे कोकणातून आलेल्या मुलीला पहिल्या वर्षी तरी जड जाईल.

सामसूम होते ही गोष्ट खरी आहे आणि ती मी लपवणार नाही. महामार्ग क्रमांक ६५ वरून पुण्याकडून हैदराबादला जाणारी अवजड वाहने रात्रंदिवस धावतात आणि खरा धोका माणसांपेक्षा त्या वाहनांचाच आहे. त्यामुळे सदनिका विद्यापीठाच्याच बाजूला आहे की रस्ता ओलांडून पलीकडे, हा प्रश्न आपण सर्वांत आधी विचारावा. पलीकडे असेल तर माझे मत बदलेल. आम्ही मुली सातनंतर एकटीने पायी बाहेर पडत नाही, जायचेच असेल तर दोघी-तिघी मिळून जातो, आणि महिन्याचे किराणा सामान शहरात एका फेरीत भरून आणतो. मंगळवार पेठेतील भाव आणि इथल्या टपरीवरील भाव यांत फरक असतोच.

जेवणाविषयी आपण विचारले नाही, तरी सांगते : इथल्या खानावळीत भाकरी ज्वारीची असते, आमटी चांगलीच झणझणीत असते आणि भात शेवटी वाढतात. शेंगाची चटणी मात्र आपण सुट्टीत घरी जाताना किलोने घेऊन जाल.

उत्तर : शेळगीच्या काकू

पाण्याबद्दल मी सांगते, कारण वरच्या दोघांनीही तो विषय सोडून दिला.

आमच्याकडे भागानुसार तीन-चार दिवसांआड, कधी पाच दिवसांआड नळ येतो. शहराला उजनी धरणातून, टाकळीच्या बंधाऱ्यातून आणि हिप्परग्याच्या तलावातून पाणी मिळते. परंतु जलवाहिनी फुटली किंवा वीज गेली की ठरलेली पाळी पुढे सरकते, आणि कधी कधी नळ मध्यरात्री सुटतो. त्या रात्री घरातील एकाला जागे राहावे लागते. नळाची तोटी उघडीच ठेवलेली असते. आधी नुसती हवा फुसफुसते, मग गढूळ धार येते, ती दहा मिनिटे अंगणात वाहू द्यायची आणि स्वच्छ झाली की नळी हौदात सोडायची. हौद भरला की मोटर लावून वरची टाकी, त्यानंतर पिण्याचे पिंप, आणि शेवटी बादल्या-घागरी. हे वाचून घाबरू नये, कारण ज्या घरात हौद मोठा आहे तिथे भाडेकरूला यातले काहीच जाणवत नाही.

म्हणून घरमालकाला ‘पाण्याची सोय आहे ना?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर सगळेच ‘भरपूर’ असे देतात. हौद किती लिटरचा आहे, त्यावर किती कुटुंबे अवलंबून आहेत, नळाला पाणी येते तेव्हा मोटर कोण लावतो, बोअर आहे का आणि ते मे महिन्यात चालते का, टँकर मागवावा लागला तर त्याचे पैसे भाड्यात धरलेले आहेत की वेगळे, असे एकेक विचारावे. शेवटचा प्रश्न घरमालकाला न विचारता शेजारच्या बाईंना विचारावा. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, त्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजायला वेळ लागतो. पिण्यासाठी जार लावावा लागेल, तो खर्च महिन्याच्या हिशेबात धरावा.

उत्तर : निवृत्त अध्यापक

कागदपत्रांचे आधी सांगतो, कारण दरवर्षी दिवाळीपर्यंत काही विद्यार्थी केवळ यासाठी गावी हेलपाटे घालताना मी पाहिले आहेत. आपण दुसऱ्या विद्यापीठातून येत असल्यामुळे मुंबई विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र लागेल आणि त्याच्या आधारे येथे पात्रता निश्चित होईल. महाविद्यालय सोडल्याचा दाखला, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (विद्यार्थ्याने मिळवलेल्या श्रेयांकांची नोंद ठेवणाऱ्या ऑनलाइन खात्याचा) क्रमांक जवळ ठेवावा. उत्पन्नाचा दाखला आपल्याच तहसीलमधून मिळतो, तेव्हा तो निघण्यापूर्वी काढावा. लागू असल्यास जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही तसेच. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होते. ती जोडणी झाली आहे असे बँकेने तोंडी सांगितले तरी स्वतः खात्री करून घ्यावी.

आता आपल्या विषयाबाबत, कारण राहण्याच्या चर्चेत तो मागे पडला आहे. आपण जांभ्या दगडाच्या प्रदेशातून काळ्या बेसाल्टच्या प्रदेशात येत आहात. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, सोलापुरात त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाही पडत नाही, आणि जो पडतो तो या कठीण खडकात सहज मुरत नाही. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगा-सांध्यांत साठते, त्यामुळे एका शेतातील विहिरीला पाणी लागते आणि बांधापलीकडे खोल घेतलेले बोअर कोरडे जाते. काकूंनी जड पाण्याविषयी आणि मे महिन्यातील बोअरविषयी जे लिहिले आहे, तेच प्रश्न भूजलशास्त्राच्या तासिकेत सूत्रांच्या रूपाने आपल्यासमोर येतील. उजनीचे पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली गेले की इथला प्रत्येक माणूस ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे म्हणतो. इतक्या सहजपणे जलाशयाच्या साठ्याविषयी बोलणारे शहर अभ्यासकाला दुसरे क्वचितच मिळेल.

कार्यानुभवासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचा विचार पहिल्या सत्रातच करावा आणि त्याबाबत विभागप्रमुखांशी लवकर बोलावे. क्षेत्रभेटी हिवाळ्यात उरकाव्यात. उन्हात तापलेल्या काळ्या खडकावर दुपारी हातोडा चालवण्याची हौस एका दिवसात फिटते.

राहण्याविषयी माझे मत ‘प्रयोगवही’ यांच्या बाजूचे आहे, अट तीच : रस्ता ओलांडावा लागू नये.

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सदनिका विद्यापीठाच्याच बाजूला असल्याचे आज फोनवर कळले, हौद किती मोठा आहे हे मात्र तिथल्या मुलींनाही ठाऊक नाही, तो प्रत्यक्ष पाहीन. आता एक अवघड गोष्ट उरते. जुळे सोलापुरातील त्या काकूंनी माझ्यासाठी खोली रंगवून घेतली आहे असे समजले. त्यांना नकार देताना बाबांची पंचाईत होऊ नये, यासाठी काय करावे?

शेळगीच्या काकू

नकार फोनवर देऊ नका आणि बाबांनाही देऊ देऊ नका. सोलापूरला आल्यावर पहिला आठवडा त्यांच्याकडेच राहा आणि तिथूनच विद्यापीठात ये-जा करा. सकाळी किती वाजता निघता आणि संध्याकाळी किती दमून परत येता, हे त्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील आणि बहुधा ‘बाळ, तू जवळच राहा’ असे त्याच म्हणतील. तसे म्हणाल्या नाहीत तर चौथ्या-पाचव्या दिवशी आपणच विषय काढावा आणि केगावची सदनिका पाहायला त्यांनाच सोबत घेऊन जावे. हौद तपासण्याची नजर आपल्यापेक्षा त्यांना अधिक असेल. पुढे महिन्यातून एखाद्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला जात राहा. घरून येताना आमसुले आणि पोतीभर नव्हे, पण पाच किलो तांदूळ आणलात तर त्या नाही म्हणणार नाहीत. आषाढीच्या आठवड्यात मात्र पंढरपूरमार्गे येऊ नका, त्या दिवसांत गाड्यांना गर्दी असते आणि सामानासह उभे राहायलाही जागा मिळत नाही.