हिवाळ्यात पोनीच्या पायांना चिखल लागतो, खपल्या धरल्यात

उमरेडरोड_पागा: पोनी मादी, मागचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत पांढरे. अवकाळी पाऊस झाल्यापासून आणि टाकीच्या गळतीमुळे पाणी प्यायच्या जागी काळ्या मातीचा चिखल सुकतच नाही. मोतद्दार (घोडा सांभाळणारा) रोज संध्याकाळी पाय पाईपने धुतो, वरून मोहरीचं तेल लावतो. तरी टाचेच्या खळग्यात खपल्या आल्या. लंगडत नाही. काय बदलावं?

खरारा: आधी रोजचं धुणं बंद करा. त्वचा सतत ओली राहिली की मऊ पडते, आणि डर्माटोफिलससारखे जंतू ओल मिळाली की तिथूनच आत शिरतात. डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या थंडीत संध्याकाळी भिजलेले लांब केस रात्रभर ओलेच राहतात. त्यावर तेल म्हणजे ओल आत कोंडणं. चिखल वाळू द्या आणि सकाळी मऊ ब्रशने झाडा. लोखंडी खरारा (अंग घासायचा दातेरी ब्रश) घोट्याखाली नको, बारीक ओरखडे पडतात.

खपल्यांसाठी: केस कात्रीने आखूड करा. ५ टक्के पोविडोन आयोडीन (जखम धुवायचं जंतुनाशक) १ भाग, कोमट पाणी ४ भाग, रंग कोऱ्या चहासारखा. किंवा क्लोरहेक्सिडिन स्क्रबचा, म्हणजे जंतुनाशक द्रवसाबणाचा, फेस. १० मिनिटं ठेवा, मग धुवून काढा. मऊ झालेली खपली आपोआप सुटली तर काढा. वाळलेली ओढून काढू नका, खाली कच्ची जखम असते आणि पोनी लाथ मारते ती वेगळीच. नंतर सुती गमछाने टिपून पूर्ण कोरडं करा. यात घाई केली तर बाकीचं सगळं वाया. हे दिवसाआड पुरे. हातमोजे घाला, हा संसर्ग माणसालाही होतो. गमछा आणि ब्रश दुसऱ्या जनावराला वापरू नका.

झिंक ऑक्साईडचं मलम बरी झालेल्या, कोरड्या त्वचेवरच, चिखलात सोडण्याआधी. खपलीवर नाही.

मुरूमगिट्टी: पायांचं झालं, पण जमीन तशीच ठेवली तर पुढच्या पावसात हेच. पहिलं काम टाकीची गळती. मग टाकीभोवती आणि फाटकाजवळ ८ इंच काळी माती उचला, जिओटेक्स्टाईल कापड (पाणी झिरपू देणारं, माती अडवणारं) अंथरा, त्यावर ४० मिमी गिट्टी ४ इंच, वर मुरूम ४ इंच दाबून. उतार १० फुटांना अडीच इंच, टाकीपासून बाहेर. कापड टाळू नका. काळी माती पाण्याने फुगते, मुरूम त्यात रुततो आणि वर्षभरात पुन्हा चिखल वर येतो. तणस किंवा सोयाबीनचं कुटार तर टाकूच नका, कुजून ओल धरतं.

उमरेडरोड_पागा: मेडिकलमध्ये स्टेरॉईड असलेलं मलम देत आहेत. लावू का? आणि फक्त पांढऱ्याच पायांना का?

खरारा: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही, जंतूसंसर्गावर नुसतं स्टेरॉईड लावलं तर तो दबल्यासारखा दिसून वाढतो. पांढऱ्या केसांखाली त्वचा गुलाबी आणि नाजूक असते, म्हणून तिथे आधी दिसतं. पण नाकाच्या पांढऱ्या पट्ट्यावरही तशाच खपल्या दिसल्या तर चिखलाला दोष देऊ नका. यकृत बिघडल्याने उन्हाचा त्रास होत असू शकतो. रक्त तपासून घ्या, तोवर सावलीत बांधा.

पाय गरम होऊन गुडघ्याकडे सूज चढली, ताप आला किंवा लंगडली, तर त्याच दिवशी डॉक्टर. नागपुरात सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

नालबंद_कामठी: पाय पाहताना खूरही उचला. ओल्या जमिनीत पुतळीच्या (खुराच्या तळाचा मऊ त्रिकोणी भाग) खाचेत काळं, घाण वासाचं सडणं सुरू होतं. रोज हूकने टाचेकडून पुढे साफ करा.