रेलेव्हन्सी बसवल्यापासून टेबलप्रेसच्या तक्त्यांतील मजकूर शोधात सापडत नाही

प्रश्न
आमची वर्डप्रेस साइट यंत्रांच्या सुट्या भागांविषयी असून तिचा बहुतांश मजकूर तक्त्यांमध्ये आहे. बरेचसे तक्ते टेबलप्रेस या तक्ते बनवण्याच्या प्लगइनमध्ये (वर्डप्रेसला जोडायच्या पूरक प्रोग्रॅममध्ये) तयार करून शॉर्टकोडने (चौकटी कंसातील छोट्या खुणेने) पानावर घातलेले आहेत, तर काही पानांवर ऑनलाइन स्प्रेडशीट आयफ्रेममधून (दुसऱ्या ठिकाणचे पान दाखवणाऱ्या चौकटीतून) दाखवली जाते. निकाल अधिक नेमके यावेत म्हणून रेलेव्हन्सी हे शोधाचे प्लगइन बसवले. मात्र तेव्हापासून ‘बी-७२’ असा भाग क्रमांक शोधल्यास, तो पानावर स्पष्ट दिसत असूनही, एकही निकाल येत नाही. वर्डप्रेसच्या मूळ शोधात टेबलप्रेसची पाने सापडत असत. आयफ्रेमची तेव्हाही सापडत नव्हती. कृपया नेमके काय तपासावे ते सांगावे.

उत्तर १
मूळ शोधात ती पाने सापडत होती, ती टेबलप्रेसमुळे. वर्डप्रेस पोस्टचे शीर्षक, सारांश आणि मजकूर एवढेच पाहते, आणि डेटाबेसमधील त्या मजकुरात तक्त्याच्या जागी केवळ तक्त्याचा क्रमांक असलेला शॉर्टकोड असतो. टेबलप्रेस या शोधात स्वतःची भर घालते: शोधशब्द कोणत्या तक्त्यांत आहे ते पाहून त्यांचे शॉर्टकोड असलेल्या पोस्टही निकालात आणते. रेलेव्हन्सी मात्र स्वतःच्या इंडेक्समधून (आधीच बांधून ठेवलेल्या शब्दसूचीतून) निकाल देत असल्यामुळे ही भर तेथे लागू होत नाही. म्हणून रेलेव्हन्सीच्या इंडेक्सिंगच्या सेटिंगमध्ये शॉर्टकोड उलगडण्याचा (त्याच्या जागी प्रत्यक्ष मजकूर घेण्याचा) पर्याय चालू आहे का, हे प्रथम पाहावे आणि तो बंद असल्यास चालू करून संपूर्ण इंडेक्स नव्याने बांधावा. त्यानंतर डीबगिंगच्या टॅबवर पोस्टचा आयडी दिला, की त्या पोस्टमधील कोणते शब्द इंडेक्समध्ये गेले आहेत ते दिसते. अंदाज बांधत बसण्यापेक्षा तेथूनच सुरुवात केलेली बरी.

उत्तर २
तक्तेच थेट इंडेक्समध्ये घेतले तर? टेबलप्रेस प्रत्येक तक्ता एका वेगळ्या पोस्ट प्रकारात साठवते, असे दिसते.

उत्तर १ (पुन्हा)
साठवते, परंतु तो प्रकार सार्वजनिक नाही. निकालात तक्ता आला तरी वाचकाला उघडता येईल असे त्याचे स्वतंत्र पान नसते, शिवाय त्यातील मजकूर जेसन या प्रोग्रॅमसाठीच्या माहिती-स्वरूपात असल्यामुळे निकालाखालचा उतारा वाचण्याजोगा राहत नाही. हा मार्ग मी सुचवणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता
आभारी आहे. तो पर्याय बंदच होता. तो चालू करून इंडेक्स बांधल्यावर भागांची नावे सापडू लागली, पण ‘बी-७२’ अजूनही सापडत नाही. डीबगिंगमध्येही हा क्रमांक कोठेच दिसत नाही.

उत्तर ३
येथे अडचण विरामचिन्हांची आहे. रेलेव्हन्सी मूळ सेटिंगप्रमाणे संयोगचिन्हाच्या जागी मोकळी जागा ठेवते, म्हणजे ‘बी’ आणि ‘७२’ असे दोन तुकडे होतात. किमान शब्दलांबी ३ असल्यामुळे ते दोन्ही वगळले जातात. लांबी कमी केल्यास इंडेक्स फुगतो आणि असंबद्ध निकाल वाढतात. त्याऐवजी संयोगचिन्ह काढून टाकण्याचा पर्याय निवडावा; मग ‘बी७२’ असा सलग शब्द तयार होतो, आणि वाचकाने चिन्ह टाकले किंवा गाळले तरी शोध लागतो. हा बदल केल्यावरही इंडेक्स नव्याने बांधावा लागेल.

आयफ्रेमचे म्हणाल, तर तो मजकूर आपल्या सर्व्हरवर नसतोच. वाचकाचा ब्राउझर तो दुसऱ्या ठिकाणाहून आणतो, त्यामुळे शॉर्टकोड उलगडून काहीच हाती लागत नाही. स्प्रेडशीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या) रूपात टेबलप्रेसमध्ये आयात करणे हा सरळ उपाय आहे. ती वारंवार बदलत असेल, तर नियोजित कामाद्वारे ठरावीक वेळाने सीएसव्ही आणून पोस्टच्या कस्टम फील्डमध्ये (जादा माहितीच्या रकान्यात) ठेवावी आणि ते फील्ड इंडेक्समध्ये समाविष्ट करावे.

उत्तर १ (पुन्हा)
आणखी एक बाब, जिच्याकडे बहुतेकांचे उशिरा लक्ष जाते. तक्ता संपादित केला की केवळ तक्ता जतन होतो. ज्या पानावर तो दिसतो ती पोस्ट जशीच्या तशी राहते, त्यामुळे रेलेव्हन्सीला त्या पानाचा इंडेक्स ताजा करण्याचे कारणच मिळत नाही आणि काढून टाकलेले भाग शोधात येत राहतात. तक्ता जतन झाल्यावर टेबलप्रेस एक हुक (आपला कोड जोडता येईल असा टप्पा) चालवते. त्याला जोडलेल्या छोट्या फंक्शनमध्ये संबंधित शॉर्टकोड असलेल्या पोस्ट शोधून त्यांचा इंडेक्स पुन्हा करून घ्यावा. त्यासाठी पोस्ट नव्याने जतन करण्याची युक्ती चालते खरी, पण तिने ‘शेवटचा बदल’ ही तारीखही बदलते. साइटवर ती तारीख दाखवत असल्यास रेलेव्हन्सीचेच इंडेक्सिंगचे फंक्शन थेट वापरावे. आणि तक्ते महिन्यातून एखाद्या वेळीच बदलत असतील, तर कोड न लिहिता संपूर्ण इंडेक्स हाताने बांधणे पुरेसे आहे.