ब्रिटनचे अवजड उद्योग मेले की मारले?

वळणवाट:
३० सप्टेंबर २०२४ ला एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉटच्या पोलाद कारखान्यातली शेवटची ब्लास्ट फर्नेस, म्हणजे खनिजातून लोखंड काढणारी भट्टी, टाटांनी बंद केली आणि तिकडे नॉटिंगहॅमजवळचं रॅटक्लिफचं वीजकेंद्र थांबलं, म्हणजे कोळशावर वीज करणं ब्रिटनमध्ये १४२ वर्षांनी संपलं. मी अकरा वर्षं स्वान्सीत राहतो. रात्री पलीकडच्या किनाऱ्यावर प्लांटचा तांबूस उजेड दिसायचा. शेजारचे आजोबा तिथे चौतीस वर्षं कामाला होते, त्या संध्याकाळी ते नुसते तिकडे बघत उभे होते आणि मला काय बोलावं तेच सुचेना.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. कोळसा कधीतरी संपणारच होता हे मला मान्य आहे. १९१३ साली हा देश २८ कोटी टनांच्या वर कोळसा काढत होता, दहा लाखांवर माणसं खाणीत होती, ते काही कायम टिकणार नव्हतं. पण १९८० नंतर ज्या घाईने खाणी, पोलाद, जहाजबांधणी सगळं एकदम बंद केलं ती घाई सरकारने स्वतः निवडलेली होती. खाणींची गावं वसलीच खाणीसाठी. खाण गेली की दुकान गेलं, क्लब गेला, बस कमी झाली, पोरं शहरात गेली. यॉर्कशरमधल्या ग्राइमथॉर्पची खाण बंद झाली आणि वर्षभरात, १९९४ ला, ते देशातल्या सगळ्यात गरीब गावांत मोजलं जायला लागलं. हे आपोआप झालं असं म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचाय.

रोखठोक_नाशिक:
मग घालाच. तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या नावाने खडे फोडायची फॅशन आहे, पण त्यांच्या आधीच्या विल्सनच्या मजूर सरकारांच्या काळात त्यांच्यापेक्षा जास्त खाणी बंद झाल्या, त्याबद्दल कोणी बोलत नाही. तोट्यातल्या खाणीतून कोळसा काढायचा, फरक करदात्याने भरायचा, हे किती दिवस चालवणार होतात? आणि खाणकामगार युनियनच्या स्कारगिलने १९८४ चा संप देशभर मतदान न घेता पुकारला, एक वर्ष चालवला, हरला. स्वतःच्याच सभासदांना न विचारता लढाईला उतरवणारा नेता ज्यांना मिळाला त्यांची दया येते, पण दोष सगळा सरकारवर कसा टाकणार?

वळणवाट:
मतदान घ्यायलाच हवं होतं, ते मान्य. पण नॉटिंगहॅमशरचे बहुतेक खाणवाले तर संपात उतरलेच नाहीत ना, वर्षभर काम करत राहिले, वेगळी युनियन काढली. त्यांना काय मिळालं? ऑक्टोबर १९९२ ला मंत्री हेझल्टाइनने ५० पैकी ३१ खाणी बंद करायचं जाहीर केलं आणि त्यात त्यांच्याही होत्या. सरकारच्या बाजूने राहिलेल्यांचीही गय झाली नाही.

आणि विल्सनच्या वेळी खाण सुटली तर शेजारच्या कारखान्यात काम मिळत होतं हो. १९८२ च्या जानेवारीत बेकार तीस लाखांच्या वर होते. त्या माणसाने जायचं कुठे? जर्मनीने बघा कसं केलं, २००७ ला ठरवलं की २०१८ पर्यंत दगडी कोळसा थांबवायचा, अकरा वर्षं हळूहळू माणसं कमी केली, लवकर पेन्शन दिली, बदल्या केल्या, आणि डिसेंबर २०१८ ला बोट्रोपची शेवटची खाण बंद झाली.

आकडेमोड:
दोघंही युनियन आणि बाईंवरच अडकलात, पाउंडकडे कोणी बघतच नाहीये. १९७६ ला पाउंड १.६० डॉलरच्याही खाली गेला होता, १९८० च्या शेवटाला २.४० च्या आसपास पोचला. एकीकडे उत्तर समुद्रातलं तेल, दुसरीकडे महागाई दाबायला १७ टक्क्यांवर नेलेला व्याजदर. आता शेफिल्डच्या पोलादवाल्याने माल परदेशात विकायचा कसा, त्याने काही केलं नाही तरी त्याचा माल चार वर्षांत दीडपट महाग झाला. चांगले चालणारे कारखानेही त्यात गेले आणि एकदा भट्टी थंड झाली, कारागीर पांगला, की पाउंड खाली आला म्हणून ते परत उभं राहत नाही. नॉर्वेने तेलाचा पैसा फंडात ठेवला. ब्रिटनने तो करकपातीत आणि बेकारभत्त्यात घालवला. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

वर बेकारीचे आकडे नंतर कमी झाले ते सुद्धा नीट बघा. हजारो माजी खाणकामगार आजारपणाच्या भत्त्यावर गेले, मग ते बेकार म्हणून मोजलेच गेले नाहीत.

सुनेत्रा_मँचेस्टर:
मला यातलं कोळशावरचं प्रेम सहन होत नाही, स्पष्ट बोलते. २१ ऑक्टोबर १९६६, ॲबरफॅन, वेल्समध्येच. डोंगरावर रचलेला खाणीचा राडारोडा खाली शाळेवर आला, १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. आणि उरलेले ढिगारे हलवायला लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच सरकारने दीड लाख पाउंड काढून घेतले, ते १९९७ ला परत केले. हा राष्ट्रीयीकृत उद्योग होता. फुप्फुसात धूळ साचून धापा टाकत गेलेले किती. खाण बंद झाली हे त्या आयांना वाईट वाटलं असेल का?

वळणवाट:
सुनेत्राताई, आयांचं मी कसं बोलू. पण इथे भेटलेल्या बायका मला सांगतात की नवरा खाणीत गेला की जीव टांगणीला लागायचा, आणि खाण बंद झाल्यावर पोरगा घरात बसला की वेगळाच घोर लागला. दोन्ही खरं आहे.

बोरीबंदर:
आपल्याकडून एक बाजू सुटतेय. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तिची इंजिनं लँकेशरच्या व्हल्कन फाउंड्रीतून आली होती. पुढे ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह भारताला इंजिनं विकत राहिली कारण गिऱ्हाईक बांधलेलं होतं. डिझेलचा जमाना आला तेव्हा त्यांना ते जमलं नाही आणि १९६२ ला कंपनी गुंडाळली. तेव्हा थॅचर कुठे होत्या? साम्राज्याच्या बाजारावर पोसलेल्या मालकांनी नवीन यंत्रात पैसा घातला नाही, हे माझ्या मते मूळ कारण. युनियनपेक्षा मालकांचा दोष जास्त.

रोखठोक_नाशिक:
हे पटतं. जर्मनीचं मात्र पटत नाही, इतकी अब्जावधीची सबसिडी देऊनही गेल्झनकिर्खेनसारख्या तिथल्या जुन्या कोळशाच्या शहरात आज बेकारी देशात सगळ्यात जास्त असलेल्या शहरांतली आहे. पैसा ओतला म्हणून गाव वाचतं असं नाही. उलट संडरलंड बघा, १९८६ ला निसानचा कारखाना आला तो बाहेरून गुंतवणूक बोलावली म्हणूनच.

लालबागकर:
निसान आला, पण १९८८ ला संडरलंडची शेवटची जहाजबांधणीची गोदी बंद झाली तेव्हा तिथल्या वेल्डरला पन्नाशीत तिकडे कोणी घेतलं असेल? माझे वडील ८२ च्या संपात होते. गिरणी परत उघडली नाही. मिलच्या जागेवर टॉवर आला तेव्हा पेपरवाले लिहायचे मुंबई बदलतेय. बदलली, खरं आहे, फक्त त्यात आमच्या बाबांसारख्यांना जागा नव्हती. ते वॉचमन झाले. म्हणून मला एकच विचारायचंय, पोर्ट टॅलबॉटमध्ये अडीच हजारांवर लोक गेले म्हणतात, त्यांचं काय ठरलंय?

वळणवाट:
सरकारने नव्या इलेक्ट्रिक आर्क फर्नेससाठी ५० कोटी पाउंड दिलेत, ती भंगार वितळवून पोलाद करणार, धूर कमी, माणसंही कमी. सुरू व्हायला २०२७ चा शेवट किंवा २०२८ उजाडेल. ट्रेनिंग आहे, थोडी मदत आहे, १९८० पेक्षा बरं आहे हे मी मान्य करतो. पण शेजारच्या आजोबांचा मुलगा पंचावन्नचा आहे, तोही त्याच प्लांटमध्ये होता. सध्या व्हॅन चालवतो, पार्सल पोचवतो.

रोखठोक_नाशिक:
पगार किती पडतो त्याला?

वळणवाट:
आधीच्या निम्मा. तोही आठवड्याला किती पार्सलं मिळतात त्यावर.