केप हॉर्न म्हणजे शिंग? कुणी सांगितलं!

शिडाचीदोरी: काल इथे एकाने ठोकून दिलं की भूशिरं, उपसागर यांना नावं आकारावरूनच पडतात. दाखला काय, तर दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न शिंगासारखं टोकदार! डोकं फिरलं म्हणून लिहितोय. १६१६ साली डच खलाशी तिथून गेले आणि हॉर्न या आपल्या गावाचं नाव टोकाला चिकटवून मोकळे झाले. स्पॅनिशांनी त्याचं 'ओर्नोस' केलं, म्हणजे भट्ट्या. त्या गारठ्यात! रिओ द जानेरो म्हणजे जानेवारीची नदी, आणि तिथे नदी नाहीच, आहे तो उपसागर. १७७० साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याशी इंग्रज दर्यावर्दी कुकचं जहाज प्रवाळावर आपटलं, तर जवळच्या भूशिराचं नाव झालं केप ट्रिब्युलेशन, म्हणजे हालअपेष्टा. आकार कुठे आला यात?

खाजणवाली: तुमची सगळी उदाहरणं वाटसरूंची आहेत हो. रिओच्या त्या उपसागराचं ग्वानाबारा हे नाव तिथल्या मूळच्या तुपी लोकांचं. कुकने एका जागी स्टिंगरे मासे फार मिळाले म्हणून आधी स्टिंगरे हार्बर लिहिलं, मग जहाजावरच्या बँक्स आणि सोलँडर या निसर्गअभ्यासकांनी झाडपाला गोळा केला म्हणून बॉटनी बे, म्हणजे वनस्पतिशास्त्राचा उपसागर. मुक्काम जेमतेम आठवड्याचा, नावं दोन! जो रोज होडी काढतो तो खडक बघूनच नाव ठेवतो. अंधारात परतताना आफ्रिकेतल्या भूशिरासारखं 'गुड होप' कामाला येत नाही, 'दोन दातांचा खडक' येतो.

माजीखलाशी: गुड होपवरून आठवलं. जहाजावर शिकाऊ कॅडेट होतो, पहाटेचा वॉच, म्हणजे पहारा. गुड होप मागे पडलं तसं मी शहाणपणाने विचारलं, "आफ्रिका संपली, आता वळायचं ना?" साहेबाने नकाशावर अंतर मोजायचा डिव्हायडर हातात दिला, "मोज." पेन्सिलीची रेघ अजून आग्नेयेलाच चालली होती. खरं दक्षिण टोक सुमारे १५० किलोमीटर पुढे, अगुल्हास, म्हणजे सुया. १५०० च्या सुमारास तिथे होकायंत्राची सुई बरोबर खऱ्या उत्तरेला लागायची म्हणून ते नाव. आज तीच सुई २० अंशांहून जास्त पश्चिमेला सरकते. महिनाभर मला सगळे 'वळायचं ना' म्हणून हाक मारत होते.

मायमराठी: सगळे कुक-बिक घेऊन बसलात. कालच्या त्या पोस्टमध्ये 'बंगालची खाडी' लिहिलंय, ते कुणाला खुपलं नाही? उपसागर! खाडी म्हणजे भरतीचं पाणी आत शिरतं ती. हिंदी बातम्या ऐकून ऐकून कान किडलेत.

शिडाचीदोरी: झालं. धागा भरकटला.

खाजणवाली: नाही, इथे ते बरोबर आहेत. 'खाडी देश' पण ऐकलंय मी. आखाती म्हणायला काय जीभ झडते?

नकाशेबाज: मग इंग्रजीतला बे (उपसागर) आणि गल्फ (आखात) यांतला फरक सांगा की. बंगालचा उपसागर मेक्सिकोच्या आखाताहून मोठा आहे. नियम कसला? ज्याने जे लिहिलं ते रुळलं.

मायमराठी: इंग्रजीत नसेल नियम. आमच्या भाषेत आहे.

नकाशेबाज: सांगा मग.

मायमराठी: शाळेत लक्ष दिलं असतं तर विचारावं लागलं नसतं.

माजीखलाशी: अहो, आपण ज्याला इराणचं आखात म्हणतो त्यालाच पलीकडचे अरबी आखात म्हणतात. तिथे देश भांडतात, तुम्ही खाडीवरून भांडा.

शिडाचीदोरी: खाजणवालीबाई, होडीवाले आकारावरून नावं ठेवतात, मान्य. केप हॉर्न तरीही शिंग नाही.

खाजणवाली: शिंग आहे असं मी म्हटलंच कधी? आधी नीट वाचा.