मदत हवी आहे: पर्ससीनच्या वादात तज्ज्ञांचं वजन कसं ओळखू?

नमस्कार मंडळी. मी मालवणची, राज्यशास्त्रात एम.ए. करतेय. आमच्या घरची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं पारंपरिक जाळं) होती, म्हणून प्रकल्पाला पर्ससीनचाच, म्हणजे मासळीचा थवा वेढून तळाशी आवळायच्या मोठ्या जाळ्याचा, वाद घेतलाय.

पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारनं ५ फेब्रुवारी २०१६ला पर्ससीनवर निर्बंध आणले. पण अहवाल आला म्हणून निर्णय झाला, की पारंपरिक मच्छीमारांनी तो हत्यारासारखा वापरला म्हणून? धोरणांचे अभ्यासक पॉल सबाटिए यांची मांडणी सांगते की समान धारणा असलेले नेते, अधिकारी, पत्रकार, अगदी संशोधकही एका आघाडीत येतात. आणि बदल समजायला किमान १० वर्षांचा काळ बघावा लागतो. मला हे पटतं. बांगडा, तारली कमी का झाली यावर दोन्ही बाजू शास्त्राचाच दाखला देतात: एक म्हणते बारीक आसाची (छिद्रांची) जाळी, दुसरी म्हणते समुद्राचं वाढतं तापमान.

अडचण अशी की रापणकार, ट्रॉलरवाले आणि पर्ससीनवाले यांना दोनच आघाड्यांत कसं बसवू? ट्रॉलरवाले मुद्द्यागणिक बाजू बदलतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं, मच्छीमार संस्थांची निवेदनं कुणाकडे आहेत का? २०१०पासूनची मिळाली तर फार उपकार होतील.